दोन जागांचं बहुमत : जाँ-पिएर बेल आणि फ्रेंच सिनेटची तीन वर्षं

१ ऑक्टोबर २०११, शनिवार. पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्यात फ्रान्सच्या सिनेटचा अध्यक्ष निवडण्यासाठी गुप्त मतदान झालं. उमेदवार तिघे होते. उजव्या आघाडीचे मावळते अध्यक्ष जेरार लार्शे यांना १३४ मतं पडली, मध्यममार्गी वालेरी लेतार यांना २९ आणि समाजवादी जाँ-पिएर बेल यांना १७९. पाचवं प्रजासत्ताक, म्हणजे फ्रान्सची आजची राज्यव्यवस्था, १९५८ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून या खुर्चीवर एकही समाजवादी बसला नव्हता. बेल तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. पॅरिसच्या रस्त्यावर त्यांना ओळखणारी माणसं फार नसावीत. आरिएज जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांत मात्र त्यांना सगळे ओळखत.

बरोबर तीन वर्षांनी, १ ऑक्टोबर २०१४ रोजी, लार्शे १९४ मतांनी पुन्हा त्याच खुर्चीवर बसले. त्या दिवशी बेल उमेदवार तर नव्हतेच, ते सिनेटरही राहिले नव्हते. आपण पुन्हा उभे राहणार नाही, असं त्यांनी मार्चमध्येच सांगून टाकलं होतं.

या प्रकरणात मला पडलेला प्रश्न साधा आहे. जे बहुमत जमवायला डाव्या पक्षांना पन्नासहून अधिक वर्षं लागली, ते तीन वर्षांत का गेलं? आणि ज्या माणसानं ते जमवण्यात सर्वांत जास्त पायपीट केली, तो शेवटच्या लढाईआधीच बाजूला का झाला? पॅरिसमधल्या भाषणांत याचं उत्तर फारसं मिळत नाही. त्यासाठी गावच्या मेयरच्या कचेरीत डोकवावं लागतं.

हे सभागृह नेमकं कुणाचं?

फ्रेंच सिनेटरला जनता थेट मत देत नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक मतदारमंडळ असतं. त्यात तिथले खासदार, प्रादेशिक आणि जिल्हा परिषदांचे सदस्य असतात, पण त्यांची संख्या किरकोळ. सुमारे पंच्याण्णव टक्के मतदार असतात गावांच्या आणि शहरांच्या परिषदांचे प्रतिनिधी. फ्रान्समध्ये तेव्हा साडेछत्तीस हजारांहून अधिक कम्यून होते. कम्यून म्हणजे स्वतःची परिषद आणि स्वतःचा मेयर असलेलं गाव किंवा शहर. आपण सरपंच, नगराध्यक्ष, महापौर असे तीन शब्द वापरतो. फ्रेंचमध्ये ऐंशी वस्तीच्या वाडीचा प्रमुख आणि पॅरिसचा प्रमुख, दोघंही मेयरच. शब्दाचा हा साधेपणा त्यांच्या राजकारणात खोलवर उतरलेला आहे.

आपल्या विधान परिषदेत ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघांतून भरतात, पण ग्रामपंचायत सदस्याला तिथं मत नसतं. फ्रान्समध्ये शंभराच्या आत वस्ती असलेल्या गावालाही एक प्रतिनिधी मिळतो. मोठ्या शहराची परिषद आणि तिचे जादा प्रतिनिधी धरले, तर साधारण सात-आठशे माणसांमागे एक मत पडतं. म्हणजे डोंगरातल्या वाडीचं मत शहरातल्या मतापेक्षा कितीतरी पट वजनदार. शिवाय मतदान सक्तीचं आहे. सबळ कारण नसताना प्रतिनिधी गैरहजर राहिला, तर त्याला १०० युरो दंड होतो. निवडणूक रविवारी, जिल्ह्याच्या मुख्य गावी होते. सकाळी गावोगावचे मेयर ठेवणीतले कपडे घालून गाडी काढतात आणि मत टाकून दुपारी बरोबरच्यांसोबत जेवायला बसतात. निम्मं राजकारण त्या जेवणाच्या टेबलावर होतं.

प्रजासत्ताकवादी नेते लेओं गाम्बेता यांनी १८७५ मध्येच सिनेटला फ्रान्सच्या कम्यूनांची महापरिषद म्हटलं होतं. हे वर्णन अजूनही चपखल बसतं. ग्रामीण फ्रान्स बहुतांशी उजव्या किंवा मध्यममार्गी विचारांचा, म्हणून सिनेटही तशीच राहिली. १९८१ मध्ये समाजवादी मित्तराँ राष्ट्राध्यक्ष झाले, राष्ट्रीय सभेत, म्हणजे जनतेनं थेट निवडलेल्या सभागृहात, समाजवाद्यांची लाट आली, तरी सिनेट जागची हलली नाही. १९९८ मध्ये पंतप्रधान लिओनेल जॉस्पँ यांनी या सभागृहाला लोकशाही देशांमधली एक विसंगती म्हटलं. एवढे अधिकार असलेलं सभागृह आणि त्यात सत्तापालट कधी होऊच शकत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. सिनेटर दुखावले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जॉस्पँ यांच्याच पक्षातून जाँ-पिएर बेल पहिल्यांदा सिनेटवर निवडून आले.

सिनेटच्या अधिकारांबद्दलही एवढं सांगायला हवं. साध्या कायद्यावर दोन सभागृहांचं जमलं नाही, तर सरकार अखेरचा शब्द राष्ट्रीय सभेला देऊ शकतं. सिनेट अडवू शकते, उशीर लावू शकते, दुरुस्त्या सुचवू शकते. राज्यघटना बदलायची झाली, तर मात्र सिनेटशिवाय काहीच होत नाही. राष्ट्राध्यक्षपद रिकामं झालं, तर सिनेटचा अध्यक्ष हंगामी राष्ट्राध्यक्ष होतो. आलँ पोएर यांच्यावर ही वेळ दोनदा आली : १९६९ मध्ये द गोल यांनी राजीनामा दिला तेव्हा, आणि १९७४ मध्ये पॉम्पिदू यांचं निधन झालं तेव्हा. आणि द गोल गेले कशामुळे? प्रदेशांची आणि सिनेटची फेररचना करायचा प्रस्ताव त्यांनी सार्वमताला टाकला आणि ते हरले. कम्यूनांच्या या सभागृहाला हात लावला की हात भाजतो, हे फ्रान्समधला प्रत्येक राजकारणी तेव्हापासून जाणून आहे.

मिजानेसचा मेयर

बेल यांचा जन्म ३० डिसेंबर १९५१ चा, तार्न जिल्ह्यातल्या लाव्होरचा. राजकारण त्यांनी शेजारच्या आरिएजमध्ये केलं. १९८३ ते १९९५ अशी बारा वर्षं ते मिजानेसचे मेयर होते.

मिजानेस हे पिरेनीज पर्वतातल्या दोनेझाँ नावाच्या पठारावरचं गाव. वस्ती शंभराच्या आत. जिल्ह्याच्या उरलेल्या भागाशी जोडणारा रस्ता पाइयेर घाटातून जातो आणि त्या घाटाची उंची २००१ मीटर आहे. हिवाळ्यात बर्फ पडलं की घाट बंद, आणि जिल्ह्याच्या गावी जायला लांबचा वळसा. अशा गावाचा मेयर म्हणजे पाण्याच्या पाइपपासून शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत सगळं बघणारा माणूस. बर्फ काढायची गाडी वेळेवर आली नाही, तर लोक त्याचंच दार ठोठावतात. कारकून असलाच तर आठवड्यातून काही तास. वरून आलेलं परिपत्रक त्यानंच वाचायचं, अर्ज त्यानंच भरायचा आणि अनुदानासाठी जिल्हा कचेरीत खेटेही त्यानंच घालायचे.

बेल यांच्या पुढच्या कारकिर्दीचा पाया इथेच पडला, असं माझं ठाम मत आहे. लहान गावचा मेयर एखाद्या सिनेटरला मत देतो, तेव्हा तो बहुतेक वेळा पक्षाचं चिन्ह बघत नाही. आपल्या पत्राला कोण उत्तर देतो, आपल्या पुलाचं काम कुणी पुढं सरकवलं, एवढं तो बघतो. हे ज्यानं स्वतः मेयर म्हणून भोगलंय, त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

पुढे २००१ ते २००८ या काळात ते लाव्हलाने या गावाचे मेयर होते. लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांवर वाढलेलं हे गाव. फुटबॉलच्या चाहत्यांना ते फाबियँ बार्तेझचं जन्मगाव म्हणून माहीत असेल. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या तसं गाव रोडावलं. बर्फाच्या गावातून बंद गिरण्यांच्या गावात येणं म्हणजे ग्रामीण फ्रान्सच्या दोन्ही दुखण्यांची उजळणीच. मधल्या काळात ते मिदी-पिरेनी प्रादेशिक परिषदेवर होते आणि समाजवादी पक्षाच्या संघटनेतही काम करत होते. कुठल्या जिल्ह्यात कोण नाराज आहे, कुठल्या परिषदेत किती मतं इकडची तिकडे होऊ शकतात, ही बेरीज त्यांना तिथं पाठ झाली. २००४ मध्ये क्लोद एस्तिए यांच्यानंतर ते सिनेटमधल्या समाजवादी गटाचे नेते झाले. पुढची सात वर्षं ते पद त्यांच्याकडेच होतं.

१७७ कसे जमले

२०११ चा विजय एका रात्रीत आला नाही. त्याआधीच्या स्थानिक निवडणुकांत डावे पक्ष सातत्यानं जिंकत होते : २००४ आणि २०१० मध्ये प्रादेशिक परिषदा, २००८ मध्ये शहरं आणि गावं, २००८ आणि २०११ मध्ये जिल्हा परिषदा. प्रत्येक विजयानं मतदारमंडळात त्यांची माणसं वाढली. राष्ट्रीय पातळीवर समाजवादी पक्ष २००२ आणि २००७ अशा दोन राष्ट्राध्यक्षीय निवडणुका हरला होता. खाली मात्र तो पसरत होता.

त्यात उजवे राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्या सरकारनं मेयरांना दुखावलं. व्यवसाय कर २०१० पासून रद्द झाला. कम्यूनांच्या हातातलं हे उत्पन्नाचं मोठं साधन होतं. भरपाईची रक्कम मिळाली, पण आपला कर आपण ठरवायचा आणि दुसऱ्यानं दिलेला पैसा मोजून घ्यायचा, यातला फरक कुठल्याही सरपंचाला विचारा. पाठोपाठ १६ डिसेंबर २०१० चा कायदा आला. जिल्हा आणि प्रदेश यांचे वेगवेगळे सदस्य रद्द करून दोन्हीकडे बसणारा एकच सदस्य आणायचा, आणि कम्यूनांनी आपसांत गट करून एकत्र काम करावं यासाठी सरकारी प्रतिनिधींनी नकाशे आखायचे. त्याआधी न्यायालयांची फेरमांडणी झालीच होती, सार्वजनिक सेवांचा खर्चही आवळला जात होता. न्यायालय गेलं, टपाल कचेरीच्या वेळा कमी झाल्या आणि आता गावाचा आवाजही जाणार, अशी भावना पसरली. यातले कित्येक मेयर पिढ्यान्‌पिढ्या उजव्या पक्षांना मत देणारे होते.

२५ सप्टेंबर २०११ च्या रविवारी निम्म्या सिनेटची निवडणूक झाली. लोझेर जिल्ह्याचं उदाहरण बघण्यासारखं आहे. फ्रान्समधला हा सर्वांत कमी वस्तीचा जिल्हा, लोकसंख्या ऐंशी हजारांच्याही आत, सिनेटची जागा एकच आणि तीही उजव्यांची पक्की समजली जाणारी. तिथं प्रदेशाचे माजी अध्यक्ष झाक ब्लाँ पडले आणि माँद शहराचे मेयर आलँ बेर्त्राँ निवडून आले. ब्रिटनीतल्या मॉर्बियाँमध्ये तर तिन्ही जागा डाव्यांकडे गेल्या. रात्री बेरीज झाली तेव्हा ३४८ जणांच्या सभागृहात डाव्यांच्या बाजूला १७७ जण होते. पूर्ण बहुमत १७५ चं.

दोन जागांचा फरक. पुढच्या शनिवारपर्यंत लार्शे यांनी आशा सोडली नव्हती, आणि ते स्वाभाविकच होतं. मतदान गुप्त, मध्यममार्गी कुंपणावर, डाव्यांमध्ये समाजवाद्यांबरोबर साम्यवादी, हरित आणि रॅडिकल या जुन्या, सौम्य डाव्या पक्षाचे लोक असे चार रंग. दोन-चार मतं फुटली असती तरी खेळ पालटला असता. पण बेल यांना १७९ मतं पडली, म्हणजे स्वतःच्या आघाडीपेक्षाही दोन जास्त. गटनेता म्हणून त्यांनी सात वर्षं राखलेल्या संबंधांची ही पावती होती.

एक गोष्ट इथे नीट ध्यानात घ्यायला हवी. २०११ मध्ये मत देणारे प्रतिनिधी २००८ मध्ये निवडून आलेल्या परिषदांचे होते. म्हणजे सिनेटमध्ये जो कौल उमटला, तो तीन वर्षांपूर्वीचा. अप्रत्यक्ष निवडणुकीच्या सभागृहाला वारं नेहमी उशिरा लागतं. बेल खुर्चीवर बसले तेव्हा त्यांच्या पाठीशी असलेला जनाधार मनानं कुठपर्यंत सरकला होता, हे त्या आकड्यांत दिसणं शक्य नव्हतं.

विरोधात सोपं, सत्तेत अवघड

पहिले सात-आठ महिने नव्या बहुमतासाठी सोपे होते. राष्ट्राध्यक्ष सार्कोझी, राष्ट्रीय सभा उजवी, सिनेट डावी. विरोध करायचा असेल तर चार रंग सहज एकत्र येतात. ८ डिसेंबर २०११ रोजी सिनेटनं युरोपीय संघाबाहेरच्या परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मताधिकार देणारा प्रस्ताव १७३ विरुद्ध १६६ मतांनी मंजूर केला. बाहेर घोषणा झाल्या, आत भाषणं रंगली. पण ही घटनादुरुस्ती होती. ती पूर्ण करायला सार्वमत हवं, नाहीतर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत तीन पंचमांश मतं. ती जमण्यासारखी नव्हती आणि पुढे डावं सरकार आल्यावरही प्रस्ताव तिथंच अडकून राहिला. मला या प्रसंगाचं वाईट वाटतं. फ्रान्समध्ये दहा-वीस वर्षं राहून कर भरणाऱ्या माणसाला आपल्या गावच्या परिषदेत मत असावं, ही मागणी रास्त होती. सात मतांच्या बहुमताला जेवढं करता आलं असतं तेवढं सिनेटनं केलं, आणि तेवढं पुरेसं नव्हतं.

मे २०१२ मध्ये फ्रान्स्वा ओलांद राष्ट्राध्यक्ष झाले. जूनमध्ये राष्ट्रीय सभाही समाजवाद्यांकडे गेली. पाचव्या प्रजासत्ताकात प्रथमच राष्ट्राध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहं डाव्यांच्या हातात आली. बेल हे ओलांद यांच्या विश्वासातले. वरवर पाहता याहून चांगली स्थिती कुठली?

प्रत्यक्षात अडचण इथूनच सुरू झाली. समाजवादी गट एकटा बहुमतात नव्हता. साम्यवादी गट सरकारच्या आर्थिक धोरणावर नाराज होता आणि त्यांचे वीस-एकवीस सिनेटर उजव्यांबरोबर विरोधात गेले की विधेयक पडत होतं. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस ऊर्जेच्या दरांचं विधेयक असंच पडलं. नोव्हेंबरमध्ये २०१३ चा अर्थसंकल्पही सिनेटनं फेटाळला. जानेवारी २०१३ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुकीची नवी पद्धत फेटाळली गेली. मतदारसंघातून एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी निवडून द्यायची, अशी ती पद्धत होती. दर वेळी राष्ट्रीय सभेनं अखेरचा शब्द वापरून कायदा केलाच. म्हणजे कायदे अडले नाहीत, पण सिनेटची किंमत घटत गेली. डावं बहुमत असलेलं सभागृह डाव्याच सरकारचा अर्थसंकल्प फेटाळतंय, हे चित्र बाहेरच्या माणसाला समजावून सांगणंही कठीण.

अध्यक्ष म्हणून बेल यांच्या हातात चाबूक नव्हता. सभागृहाचा अध्यक्ष कामकाज चालवतो. मतं बांधायचं काम गटनेत्यांचं. सात वर्षं ते काम केलेल्या माणसाला वरच्या खुर्चीत बसून ही मोडतोड बघावी लागली.

सगळंच अपयश होतं, असं मात्र म्हणता येणार नाही. एप्रिल २०१३ मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा सिनेटमध्ये आला. रस्त्यावर मोठे मोर्चे निघत होते आणि सरकारपक्षाला धाकधूक होती ती सिनेटचीच. ९ एप्रिलला पहिलं आणि मुख्य कलम १७९ विरुद्ध १५७ मतांनी मंजूर झालं, आणि १२ एप्रिलला पूर्ण विधेयक. सिनेटनं होकार दिल्यामुळे कायद्याला वेगळंच वजन आलं. १७ मे २०१३ रोजी तो जारी झाला. तीन वर्षांतलं हे बहुमत कशासाठी होतं, असं मला कुणी विचारलं तर मी या चार दिवसांकडे बोट दाखवीन. त्याच वर्षी घटनापरिषदेवर, म्हणजे कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या संस्थेवर, सिनेट अध्यक्षाच्या वाट्याची नेमणूक करताना बेल यांनी निकोल बेलुबे यांची निवड केली. पुढे त्या न्यायमंत्री झाल्या.

पुन्हा तीच मेयरची कचेरी

बेल यांना आपला पाया कुठे आहे हे माहीत होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी स्थानिक लोकशाहीवर देशव्यापी परिषद भरवली. जिल्ह्याजिल्ह्यांत आधी चर्चा झाल्या, मेयरांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. शेवटच्या सत्राला खुद्द ओलांद आले. मेयरांचं सर्वांत जुनं गाऱ्हाणं होतं वरून येणाऱ्या नियमांचं. अपंगांसाठीचे उतार, शाळेच्या स्वयंपाकघराची मापं, मैदानांचे दर्जे : प्रत्येक नियम चांगल्या हेतूनं केलेला, पण खर्च गावच्या डोक्यावर. या परिषदेतून पुढे एक ठोस गोष्ट निघाली. ऑक्टोबर २०१३ च्या कायद्यानं अशा नियमांचा खर्च आधी तपासणारी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, आणि ते विधेयक सिनेटमधूनच आलं होतं.

पण एका हातानं ऐकून घेतलेलं दुसऱ्या हातानं पुसलं जात होतं. जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वेळापत्रकाचा हुकूम निघाला. प्राथमिक शाळेचा आठवडा साडेचार दिवसांचा होणार आणि दुपारी मोकळ्या झालेल्या वेळेत मुलांसाठी उपक्रम घ्यायचे. घ्यायचे कुणी? कम्यूननं. मोठ्या शहरात संगीत शिक्षक, क्रीडा प्रशिक्षक, सभागृहं असतात. मिजानेससारख्या गावाच्या आसपास एका दुपारी पाऊण तास शिकवायला माणूस कुठून आणायचा, त्याला किती पैसे द्यायचे, मुलं बसवायची कुठे? मेयरांच्या बैठकांत वर्षभर हाच विषय होता. जिल्हा परिषदांचे मतदारसंघ निम्म्यावर आले, तेव्हा ग्रामीण भागाला वाटलं की आपला माणूस आणखी लांब गेला. जानेवारी २०१४ च्या कायद्यानं महानगरांना जास्त अधिकार दिले. आणि २०१४ साठी केंद्राकडून स्थानिक संस्थांना मिळणाऱ्या अनुदानात दीड अब्ज युरोंची कपात झाली.

सार्कोझींच्या काळात ज्या तक्रारींनी २०११ घडवलं, त्याच तक्रारी आता डाव्या सरकारविरुद्ध होत्या. फक्त कराच्या जागी कपात आली होती आणि एकत्रीकरणाच्या नकाशाच्या जागी महानगर.

इथे मला बेल यांच्यावर टीका करायची आहे. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच ती करतो. ओलांद यांच्याशी इतकी जवळीक असलेला आणि गावं इतकी ओळखणारा दुसरा माणूस त्या वेळी पॅरिसमध्ये नव्हता. सिनेटचा अध्यक्ष राजशिष्टाचारात देशात तिसरा. १९६२ मध्ये गास्ताँ मॉनेर्व्हिल यांनी त्याच खुर्चीवरून द गोल यांना जाहीरपणे आव्हान दिलं होतं आणि त्याची किंमतही मोजली होती. बेल यांचा स्वभाव तो नव्हे. ते समजावणारे, जोडणारे, आवाज न चढवणारे. पण शाळांच्या वेळापत्रकाच्या आणि अनुदानाच्या प्रश्नावर कम्यूनांच्या सभागृहाच्या प्रमुखानं आपल्याच सरकारला ठणकावलं असतं, तर मेयरांना निदान आपली बाजू मांडणारा माणूस दिसला असता. मित्राशी असलेली निष्ठा आणि गावांशी असलेली निष्ठा यांत ते मित्राच्या बाजूला जरा जास्त झुकले, असं मला वाटतं.

निघून जाणं

मार्च २०१४ मध्ये बेल यांनी जाहीर केलं की सप्टेंबरच्या निवडणुकीत आपण उमेदवार नसू, आणि निवडणुकीच्या राजकारणातून आपण बाहेर पडत आहोत. त्याच महिन्यात, २३ आणि ३० तारखेला, नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि डाव्यांचा दारुण पराभव झाला. तुलूझ गेलं, सेंत-एतिएन गेलं, रँस गेलं. १९१२ पासून डाव्यांकडे असलेलं लिमोजही गेलं. पंतप्रधान झाँ-मार्क एरो पायउतार झाले. परिषदा बदलल्या तसे सिनेटचे मतदारही बदलले. २०११ मध्ये कौल तीन वर्षं जुना होता. आता तो अवघा सहा महिन्यांचा होता, म्हणून यावेळी वारं उशिरा लागलं नाही.

निवडणुकीची रचनाही इथे आड आली. २००३ च्या सुधारणेनं सिनेटरची मुदत नऊ वर्षांवरून सहावर आणली होती आणि दर तीन वर्षांनी एक तृतीयांशऐवजी निम्मं सभागृह निवडायचं ठरवलं होतं. ही सुधारणा उजव्या बहुमताच्या काळातली. तिच्यामुळे सिनेट आधीपेक्षा लवकर पालटू शकते. २०११ मध्ये त्याचा लाभ डाव्यांना झाला, २०१४ मध्ये तडाखाही त्यांनाच बसला.

२८ सप्टेंबर २०१४ रोजी १७८ जागांचं मतदान झालं. उजवे आणि मध्यममार्गी यांनी बहुमत परत मिळवलं, आणि नॅशनल फ्रंट हा अतिउजवा पक्ष पहिल्यांदाच दोन जागा घेऊन सिनेटमध्ये शिरला.

बेल यांना पराभवाची चाहूल लागली म्हणून ते आधीच सरकले, असं म्हणणारे तेव्हाही होते. खुर्चीबाबत ते खरं असू शकेल. मतदारमंडळाची बेरीज त्यांच्याइतकी कुणाला येत होती? पण आपल्या सिनेटच्या जागेबाबत ते पटत नाही. आरिएजची एकमेव जागा समाजवाद्यांनी त्या पडझडीतही राखली. आलँ द्युराँ तिथून निवडून आले. बेल उभे राहिले असते तर जिंकले असते, आणि विरोधी बाकावर आणखी सहा वर्षं निवांत बसू शकले असते. बहुतेक राजकारणी तेच करतात. बासष्टाव्या वर्षी, हातात पक्की जागा असताना ती सोडून जाणारी माणसं फ्रान्समध्ये आणि इतरत्रही बोटांवर मोजण्यासारखी.

पुढे २०१५ पासून ओलांद यांनी त्यांना लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन प्रदेशासाठी आपले खास प्रतिनिधी नेमलं. ओलांद यांची कारकीर्द २०१७ मध्ये संपली, तसं ते कामही संपलं.

लक्झेंबर्ग राजवाड्यातली खुर्ची त्या बुधवारी लार्शे यांच्याकडे गेली. त्याआधीच्या रविवारी आरिएजच्या तीनशेहून अधिक कम्यूनांचे प्रतिनिधी फुआ या जिल्ह्याच्या गावी मत टाकायला उतरले होते. पाइयेर घाटापलीकडच्या मिजानेसच्या वाट्याला त्यातलं एक मत होतं.